लांडग्याचं नाव, आजीचा आवाज

रात्री सापाला साप म्हणायचं नाही, हे वऱ्हाडात कुणाला शिकवावं लागत नाही. 'जनावर' म्हणायचं, नाहीतर 'लांबडं' म्हणायचं. नाव घेतलं की ते येतं. एस्टोनियातल्या खेड्यांत हीच रीत लांडग्याबाबत होती. मेंढ्या राखणारी माणसं त्याला कधी 'झुडपातला विलेम' म्हणत, तर कधी 'करड्या कोटवाला'. लांडग्यासाठी असाच एक जुना, आडवळणाचा शब्द आहे: मेत्सातॉल. 1999 साली तिथल्या काही तरुणांनी एक मेटल बँड काढला आणि त्याला हेच नाव दिलं. म्हणजे ज्याचं नाव घ्यायची भीती वाटायची, त्याचं टोपणनाव त्यांनी अँप्लिफायरमधून ओरडून सांगायला सुरुवात केली.

त्यांचं गाणं पहिल्यांदा ऐकलं तर आधी नेहमीचंच मेटल वाटतं. करकरणारी गिटार, छातीत बसणारे ड्रम. मग मध्येच पुंगीच्या जातकुळीतला, न थांबणारा एक सूर येतो. ते तोरुपिल, एस्टोनियन बॅगपाइप. पूर्वी त्याची हवेची पिशवी सीलच्या पोटाची करत. सोबत कान्नेल नावाचं तंतुवाद्य. आणि गाण्याची चाल अशी, की एकानं ओळ टाकायची आणि बाकीच्यांनी तीच उचलायची. आपल्याकडे भजनात बुवा पुढं आणि टाळकरी मागं असतात, तसं. या पद्धतीच्या जुन्या गाण्यांना तिकडं रेगिलाउल म्हणतात. ओळ साधारण आठ अक्षरांची, यमकापेक्षा अनुप्रासावर चालणारी आणि एकच गोष्ट दोन-तीनदा वेगळ्या शब्दांत सांगणारी. दळताना, कापणी करताना, झोका घेताना, लग्नात, मयतीत म्हणायची ही गाणी.

चांदूर बाजारात बसून हे ऐकणारी मी कदाचित एकटीच असेन. पण आकडे बघितले की तो देश तितका लांबचा वाटत नाही. एस्टोनियाची लोकसंख्या साधारण 13 लाख. 2011 च्या जनगणनेत आपल्या एकट्या अमरावती जिल्ह्याची 28 लाख 88 हजार होती. म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या निम्म्याहून कमी माणसांचा तो देश. त्यांच्यावर शेकडो वर्षं कधी जर्मन सरदार, कधी स्वीडन, कधी रशिया यांचं राज्य. खेड्यातल्या माणसाची भाषा म्हणून एस्टोनियन भाषेला हिणवलं जायचं. 1869 मध्ये तार्तू शहरात त्यांनी पहिला मोठा गीतोत्सव भरवला. 1988 मध्ये टॅलिनच्या गीतोत्सवाच्या मैदानावर लाखो माणसं गाणी म्हणत उभी राहिली आणि 1991 मध्ये देश पुन्हा स्वतंत्र झाला. त्या लढ्याला 'गाणारी क्रांती' असंच म्हणतात. तिथल्या पोरांनी गिटार हातात घेऊन आजीची गाणी का धरली असतील, हे मला यातून कळतं.

हे सगळं मला आता सुचतंय, कारण माझ्या फोनमध्ये 41 मिनिटांचं एक रेकॉर्डिंग आहे.

2016 च्या उन्हाळ्यात माझ्या आजीनं, म्हणजे आईच्या आईनं, बाजेवर बसून जात्यावरच्या ओव्या म्हटल्या होत्या. जातं घरात नव्हतंच. ते कधीच अंगणात उलटं टाकलेलं, त्यावर तुळशीची कुंडी. तरी ओवी म्हणताना तिचा उजवा हात आपोआप गोल फिरत होता. फिरवायला काही नसलं की ओवी आठवत नाही, म्हणायची. दोन वर्षांनी ती गेली. आता पुण्यात इंजिनिअरिंग करणारा माझा मामेभाऊ आणि त्याचे तीन मित्र बँड चालवतात. मेत्सातॉल मीच त्याला ऐकवलं होतं. मागच्या दिवाळीत तो घरी आला आणि म्हणाला, "ताई, आजीचं ते रेकॉर्डिंग दे ना वं. आपल्याले वऱ्हाडी फोक मेटल करायचं आहे. आजपावतो कोणीच नाही केलं."

मी लगेच हो म्हणाले नाही, नाहीही म्हणाले नाही. हा लेख त्या मधल्या काळातला आहे. प्रश्न असा: जे गाणं कुणा एकाचं नाही, ते कुणीही घ्यावं का? आणि घेतलं, तर देणं काय लागतं?

कायद्याला विचारून उपयोग नाही. कायदा लेखक कोण ते विचारतो, आणि त्याच्या मृत्यूनंतर किती वर्षं झाली ते मोजतो. ओवीला लेखक नसतो, किंवा हजारो असतात. आजी ज्या ओव्या म्हणत होती, त्यातल्या काही तिच्या आईच्या, काही शेजारणीच्या आणि काही तिनं जुन्या ओवीत स्वतःच्या पोरींची नावं घालून केलेल्या. यातली नेमकी कुठली ओळ कुणाची, हे तिलाही सांगता आलं नसतं.

दोन सोपी उत्तरं तयार असतात. पहिलं: लोकगीत सगळ्यांचं असतं, घ्या आणि वाजवा. हे उत्तर तरुणांना आवडतं आणि त्यात खरेपणाही आहे. परंपरा म्हणजे काचेच्या कपाटातली वस्तू नव्हे. मुंबईच्या डेमॉनिक रिसरेक्शननं 2017 मध्ये दशावतारावर अख्खा मेटल अल्बम केला. 'अभंग रिपोस्ट'ची मंडळी संतांचे अभंग गिटार-ड्रमवर गातात आणि कॉलेजातली पोरं त्यावर डोलतात. तुकोबांचं यात काही बिघडलेलं नाही. तुकडोजी महाराजांनी खंजिरी हातात घेऊन गावोगाव भजनं म्हटली, तेव्हा त्यांनीही जवळचं, लोकांच्या कानाला चटकन भिडणारं वाद्यच निवडलं होतं.

पण अभंगात आणि ओवीत एक फरक आहे, आणि इथंच पहिलं उत्तर अडतं. अभंग चारचौघांत म्हणायसाठी झाला. कीर्तनात समोर श्रोता असतो. शेवटी कवीचं नाव असतं, 'तुका म्हणे' म्हणून सहीच असते. जात्यावरची ओवी पहाटे, घर झोपलेलं असताना म्हटली गेली. समोर कुणी नव्हतं. खरं तर कुणी नव्हतं म्हणूनच ती म्हणता आली. सासूचं वागणं, नवऱ्याचा हात, माहेरून न आलेला भाऊ, गेलेलं लेकरू, हे दिवसा बोलायची सोय नव्हती. दगडाच्या घरघरीत ते बोलता यायचं. ओवीचा खासगीपणा हा तिचा एक भागच आहे. तो काढून तिला स्टेजवर उभं केलं, तर नुसती चाल बदलत नाही, ती कुणाशी बोलते तेच बदलतं.

एस्टोनियातही हेच घडलेलं दिसतं. रेगिलाउल गाणी ज्यांच्याकडून गोळा झाली, त्या बहुतांशी बायका होत्या. आणि आज फोक मेटलच्या स्टेजवर बहुतांशी दाढीवाले पुरुष उभे असतात. त्यांच्या गाण्यांत लांडगे, तलवारी, जर्मन सरदारांविरुद्धचे उठाव येतात. बाईच्या कष्टाचा सूर घेऊन पुरुषानं युद्धाची आरोळी केली, असं म्हटलं तर ते पूर्ण खरं होणार नाही, कारण जुन्या परंपरेत वीरकथाही होत्याच. पण पूर्ण खोटंही होणार नाही. आपल्याकडे हे वेगळं सांगायला नको. वरातीत डीजे लागला की कुठल्याही जुन्या गाण्याचा पाच मिनिटांत रणगाडा होतो. मूळ गाणं कुणी, कशासाठी म्हटलं होतं, हे त्या आवाजाखाली सगळ्यात आधी चिरडतं.

मग दुसरं सोपं उत्तर येतं: आजीचं ते आजीचं, हात लावू नका, जपून ठेवा. हे उत्तर मला जास्त जवळचं होतं. पण त्याचं काय होतं, हे बघायला एस्टोनियात जायची गरज नाही. चांदूर बाजारच्या शेजारच्याच मोर्शी तालुक्यात ऋद्धपूर आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी तिथं लीळाचरित्र सिद्ध केलं. चक्रधर स्वामींच्या आठवणी त्यांनी नागदेवाचार्यांकडून घेतल्या, आणि ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिलं होतं त्यांनाही विचारून गोळा केल्या. त्याच ऋद्धपुरात गोविंदप्रभूंच्या विवाहाच्या प्रसंगी महदाइसेनं धवळे गायले. आद्य मराठी कवयित्री म्हणून आपण जिचं नाव घेतो, तिची ती लग्नातली गाणी. म्हणजे मराठीतली पहिली ज्ञात बाईची कविता हे लोकगीताच्या चालीवरचं गाणं आहे, आणि ते आपल्या जिल्ह्यातलं आहे.

पुढं काय झालं? महानुभावांनी आपले ग्रंथ जपण्यासाठी सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. त्यामागं श्रद्धा होती, भीतीही असेल. ग्रंथ जपले गेले. पण पंथाबाहेरच्या महाराष्ट्राला ते काही शतकं वाचताच आले नाहीत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अभ्यासकांनी लिप्या उलगडल्या, तेव्हा मराठीला आपल्याच घरातलं हे धन दिसलं. जपणुकीनं ग्रंथ वाचले हे खरंच, आणि त्याच जपणुकीनं ते लोकांच्या तोंडातून गेले हेही खरं. माझ्या फोनमधली ती फाइलसुद्धा एक प्रकारची सकळ लिपीच आहे. पासवर्ड माझा. फोन बिघडला की संपलं.

गोळा करणाऱ्यांचं मोठेपण मी नाकारत नाही. 1888 मध्ये याकोब हुर्ट या एस्टोनियन धर्मोपदेशकानं लोकांना आवाहन केलं, की तुमच्या गावातली गाणी, कथा, म्हणी लिहून पाठवा. हजारावर साध्या माणसांनी, शिक्षकांनी, शेतकऱ्यांनी पाठवल्या. एक लाखाहून जास्त पानं जमली. आपल्याकडे साने गुरुजींनी ओव्या जमवून 'स्त्री जीवन' केलं. पुढं पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी खेडोपाडी फिरून एक लाखाच्या वर जात्यावरच्या ओव्या नोंदवल्या. त्या आता 'पारी' या संकेतस्थळावर ऐकता येतात. तिथं प्रत्येक ओवीसोबत म्हणणाऱ्या बाईचं नाव, गाव, तालुका, जात, काम दिलेलं असतं. ही नोंद मला फार महत्त्वाची वाटते. 'लोकगीत, अनामिक' असं लिहिलं की हजार बायका एका शब्दात पुसल्या जातात.

पण नोंदवलेलं गाणं म्हणजे जिवंत गाणं नव्हे. बियाणं डब्यात ठेवलं म्हणजे पेरणी होत नाही.

इथं आणखी एक मोह असतो, शुद्धतेचा. 'खरं' लोकगीत कुठलं? एस्टोनियाचं राष्ट्रीय महाकाव्य 'कालेविपोएग' 1857 ते 1861 या काळात छापलं गेलं. क्रॉइट्सवाल्ड नावाच्या डॉक्टरनं ते बांधलं. सुमारे 19 हजार ओळी. लोककथेतला एक महाकाय पुरुष त्यानं घेतला आणि देशाला महाकाव्य हवं म्हणून त्याच्याभोवती बऱ्याचशा ओळी स्वतःच रचल्या. आजच्या हिशेबानं ही भेसळ. पण त्या भेसळीतून एका भाषेला कणा मिळाला. म्हणून मला शुद्धतेची कसोटी पटत नाही. माझ्या आजीनंही शेजारणीच्या ओवीत माझ्या आईचं नाव घातलं होतं. शुद्ध ओवी शोधायला निघालो तर आजीच बाद होईल. शिवाय शुद्धतेचं वेड गाण्यापाशी थांबत नाही. 'आमचं मूळ गाणं' म्हणता म्हणता माणसं 'आमचं मूळ रक्त' म्हणायला लागतात. युरोपातल्या मेटलच्या काही कोपऱ्यांत ते झालेलं आहे. आपल्याकडेही मिरवणुकीतल्या गाण्यांत ते ऐकू येतं.

लीळाचरित्राच्या पोथ्यांत मला यावर एक शहाणी वाट दिसते. एखाद्या प्रसंगाची आठवण दोघांनी वेगळी सांगितली, तर तिथं तो फरकही नोंदवलेला असतो. अमुक असं म्हणतो, तमुक तसं. एकच खरी म्हणून दुसरी खोडलेली नाही. बदलायला हरकत नसावी. बदल केला हे लपवू नये, एवढंच.

मेत्सातॉलच्या एका कामानं मला पुढची पायरी दाखवली. वेल्यो तोर्मिस या एस्टोनियन संगीतकारानं 1972 मध्ये समूहगायनाची एक रचना केली, 'लोखंडाला शाप'. तिच्यात समूहगानासोबत शमनचा ढोल वाजतो. तोर्मिस म्हणायचे की मी लोकगीत वापरत नाही, लोकगीतच मला वापरतं. त्या रचनेत जुनी समजूत आहे: एखाद्या गोष्टीचा जन्म कसा झाला हे ज्याला ठाऊक, त्यालाच तिच्यावर सत्ता. म्हणून लोखंडाला आवरायचं तर आधी लोखंडाची जन्मकथा म्हणायची. ज्या लोखंडाची वखराची पास होते, त्याचीच तलवार आणि तोफ होते, म्हणून त्याला शाप. मेत्सातॉलनं ही रचना एस्टोनियाच्या राष्ट्रीय पुरुष गायकवृंदासोबत सादर केली. मेटल बँडनं लोखंडाला शाप द्यायचा, ही गंमत त्यांनाही कळली असणार. पण मला त्यातली अट महत्त्वाची वाटते. हात लावायचा असेल तर जन्म माहीत पाहिजे.

मामेभावाला मी तीच अट घातली. रेकॉर्डिंग देते, पण आधी तू ते अचलपूरच्या मावशीसोबत बसून पूर्ण ऐक. 41 मिनिटं, पुढं न ढकलता. आजी आता हो किंवा नाही म्हणू शकत नाही. पण तिच्या ओव्यांत जिचं नाव येतं, जिच्या सासरचं वर्णन येतं, ती मावशी जिवंत आहे. गाण्याचा मालक सापडत नसेल तर निदान ज्याला त्या गाण्यानं दुखू शकतं, असं माणूस तरी शोधता येतं. परवानगी घ्यायची जागा तीच, असं मला वाटलं.

आम्ही गेलो. मावशीनं चष्मा काढून ठेवला आणि ऐकलं. मध्ये दोनदा स्वतःच पुढची ओळ म्हटली. एका ठिकाणी म्हणाली, "थांबव बाबू. हे नको घेऊ." त्या ओवीत तिच्या नणंदेचं नाव होतं. दोघी आता म्हाताऱ्या, एकमेकींच्या आजारपणात धावणाऱ्या. "मायनं ते दयता दयता म्हटलं होतं, लोकायले आयकवाले नाही." मामेभावाचं तोंड उतरलं, कारण तीच ओवी सगळ्यात जळजळीत होती. मेटलला लागतो तसा संताप नेमका तिच्यातच होता.

मग मावशीनंच दुसरी एक ओवी पुन्हा लावायला सांगितली. तिच्यात कापूस वेचणाऱ्या बायांची नावं होती, एकामागं एक, बस. त्याला ती कंटाळवाणी वाटली होती. "हे घे," मावशी म्हणाली. "ह्या बायाईचं नाव आता कोणी घेत नाही."

त्यानं वाद घातला. कला म्हणजे टोचणारंच असतं, सुरक्षित तेवढं निवडलं तर उरतं काय, असं त्याचं म्हणणं. मला त्याचा मुद्दा अजूनही पूर्ण खोडता येत नाही. सगळ्यांची परवानगी घेत बसलो तर बाईवरचा अन्याय सांगणारं कुठलंच गाणं बाहेर येणार नाही, कारण अन्याय करणारेही बहुतेक घरातलेच असतात. नणंदेनं येऊन 'हे गाऊ नका' म्हटलं असतं, तर मी वेगळा विचार केला असता. पण इथं थांबवणारी ती स्वतः होती, जिच्यासाठी आजी रडली होती. आपलं दुःख कधी सांगायचं आणि कधी मिटलं म्हणायचं, हे ठरवायचा हक्क जिचं दुःख आहे तिचाच. तो हक्क आमच्या अल्बमपेक्षा मोठा आहे. यावर त्याचं आणि माझं एकमत नाही. तरी त्यानं ती ओवी घेतली नाही.

तेव्हा मला सापडलेलं उत्तर एवढंच आहे, आणि ते नियम म्हणून नाही, हिशेब म्हणून सांगते. लोकगीत घ्यायला कुणाची मालकी आड येत नाही. पण घेतलं की तीन देणी लागतात. म्हणणारीचं नाव सांगायचं. ते कुठल्या कामातून, कुठल्या वेळी आलं हे जाणून घ्यायचं. आणि जिथून घेतलं तिथं परत नेऊन ऐकवायचं, अशा माणसासमोर, जे तोंडावर 'नको' म्हणू शकेल. जे गाणं परत घरी नेऊन ऐकवायची आपल्याला लाज वाटते किंवा भीती वाटते, ते आपण घेतलेलं नाही, उचललेलं आहे. परक्या गाण्यांना तर हे दुपटीनं लागू. मेळघाटातल्या कोरकूंची गाणी इथून दोन तासांवर आहेत आणि त्यांची भाषा आपल्याला येत नाही. तिथं मोबाइल घेऊन 'कंटेंट' गोळा करायला जाण्याआधी त्यांच्यासमोर बसून आपलं काम ऐकवायची आपली तयारी आहे का, हे विचारायला हवं.

बँडचं काम सध्या अडलं आहे, पण वेगळ्याच कारणानं. रेगिलाउलची आठ अक्षरी ओळ ड्रमच्या चार ठोक्यांत सरळ बसते. ओवी साडेतीन चरणांची. तीन चरण नीट जातात आणि शेवटचा अर्धा आला की ड्रमवाला पुढं निघून जातो. त्यांनी आजीचा आवाज ताणून बघितला, कापून बघितला. जमेना. मागच्या आठवड्यात मामेभावाचा फोन आला. विचारत होता, अंगणातल्या त्या जात्यावरची कुंडी काढता येईल का? त्याच्या ड्रमवाल्याला एकदा प्रत्यक्ष दळून बघायचं आहे, तो अर्धा चरण हात कुठं असताना येतो ते. या सुट्टीत ते येणार आहेत. मावशीलाही बोलावलं आहे. ज्वारी मी आणून ठेवली आहे.